न्हाणीतले दोन इंच पाणी



रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेची जागाखरेदी, भूमिपूजन, नोंदणी, पहिली सर्वसाधारण सभा हा इतिहास इतरांनी लिहिलाच आहे. संपादक मंडळाने मला विषय निवडायला मोकळीक दिली, म्हणून मी न्हाणीचा इतिहास निवडला. कोणी हसेल. पण गेल्या पंचवीस वर्षांतली कार्यकारी समितीची इतिवृत्ते मी पुन्हा चाळली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. गणेशोत्सवाच्या वर्गणीवर जेवढी चर्चा झाली नसेल, तेवढी 'बाथरूममध्ये गटाराचा वास येतो' या तक्रारीवर झाली आहे. आणि संस्थेने केलेल्या ठरावांपैकी मला सर्वांत मोलाचा वाटणारा ठरावही त्याच तक्रारीतून निघाला आहे.

आपल्या जुन्या घरांत ही तक्रार नव्हती. कारण सोपे आहे. गटार घरात नव्हतेच. न्हाणी मागच्या सांदवाडीत असायची, एका दगडी फरशीवर. पितळेचे घंगाळ, शेजारी चूल, आणि सांडलेले पाणी केळीच्या नाहीतर अळूच्या वाफ्याकडे. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या आपल्या भंडाऱ्यात घरोघरी असे घंगाळ असेच. परसाकडे जाणे म्हणजे खरोखर घराबाहेर जाणे. ज्यांच्याकडे संडास होता, तोही घरापासून चार हात दूर, आणि त्याची टोपली रोज दुसरा माणूस उचलून न्यायचा. तो वास आपल्या घरात येत नव्हता, कारण तो दुसऱ्याच्या डोक्यावर होता. हे वाक्य कडू आहे, पण स्वच्छतेचा इतिहास लिहायचा तर ते टाळता येत नाही.

सदनिकेत राहायला आलो आणि न्हाणी, संडास, स्वयंपाकघर सगळे एका छताखाली आले. आपण सगळे एका उभ्या नळाला जोडले गेलो. त्या नळाच्या खालच्या टोकाला मैल्याची टाकी आणि वरच्या टोकाला तुमची-आमची न्हाणी. मध्ये आडवे काय आहे? फक्त दोन इंच पाणी.

घड्याळजीचा वाकडा नळ

मोहेंजोदडोत सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी घरोघरी विटांच्या न्हाण्या होत्या आणि रस्त्याच्या कडेने झाकलेली गटारे होती. म्हणजे घाण पाणी बाहेर नेण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी. पण बाहेर नेलेल्या घाणीचा वायू त्याच वाटेने परत घरात येऊ नये, ही युक्ती मात्र फार उशिरा सुचली.

इंग्लंडमध्ये 1596 साली सर जॉन हॅरिंग्टन याने पाणी सोडून धुण्याचा संडास बनवला. राणी एलिझाबेथचा तो मानसपुत्र. संडास चांगला होता, पण खालून येणारा वायू अडवण्याची सोय त्यात नव्हती. ती करायला पुढे जवळपास पावणेदोनशे वर्षे लागली. लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाचा एक स्कॉटिश घड्याळजी होता. त्याने 1775 साली पेटंट घेतले. त्याच्या संडासाखालचा नळ सरळ न जाता इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वळलेला होता. पाणी वाहून गेले तरी त्या वळणात थोडेसे पाणी कायम उरायचे. पाणी पलीकडे जाऊ शकते, मैलाही जाऊ शकतो, पण वायू पाण्यातून उलटा येऊ शकत नाही. एवढीच युक्ती. आज जगभर जेवढे संडास आणि बेसिन आहेत, त्यांच्या पोटात त्या घड्याळजीचे वळण आहे.

आपल्याकडच्या लोकांना हे समजायला अवघड नाही. धानाच्या बांधीत पाणी कसे धरून ठेवतो? बांध घालतो, बांधाच्या उंचीएवढे पाणी आत राहते, जास्तीचे सांडून जाते. न्हाणीच्या जाळीखाली जो वाटीसारखा भाग असतो, तीही एक बांधीच. प्लंबर त्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. त्यातली न्हाणी आपली आणि ट्रॅप साहेबाचा. साधारण 50 मिलिमीटर, म्हणजे दोन इंच पाणी त्यात उभे राहावे असा नियम आहे. बांधाला खेकड्याने बीळ पाडले की बांधी रिकामी होते. तसेच या दोन इंचांना कुठे वाट फुटली की वास घरात आला म्हणून समजा.

वासाला माणूस इतका का घाबरला

एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांसकट सगळ्यांची समजूत अशी होती की रोग वासातून होतो. घाणेरडी हवा हाच रोग. लंडनमध्ये 1854 च्या कॉलऱ्यात डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवून सांगितले की रोग पाण्यातून येतो आहे. फार थोड्यांना पटले. मग 1858 चा उन्हाळा आला. थेम्स नदीत सगळ्या शहराचा मैला जात होता, नदी आटली, आणि पार्लमेंटच्या खिडक्यांना चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवलेले पडदे लावण्याची पाळी आली. वास खासदारांच्या नाकात गेल्यावर पैसा मंजूर व्हायला वेळ लागला नाही. जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने शहराखालून मोठी भुयारी गटारे बांधली. कारण चुकीचे होते, काम बरोबर झाले. मैला पिण्याच्या पाण्यापासून दूर गेला आणि कॉलरा हटला. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी पुढे 1884 मध्ये कलकत्त्यात पक्का ओळखला.

आपल्याकडे मात्र याच समजुतीने उलटा अनुभव दिला. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. अधिकाऱ्यांनी संशय घेतला गटारांचा. गटारांमधून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडण्यात आले. प्लेग काही हटला नाही, कारण तो उंदरांवरच्या पिसवांतून पसरत होता. हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये कराचीत दाखवले. मुंबईची घरे तोवर ओस पडली होती.

या दोन गोष्टींतून मी एवढेच घेतो. वास हा स्वतः कॉलरा किंवा प्लेग नव्हे. पण वास हा निरोप आहे. कुठेतरी आतले बाहेर येते आहे, हा तो निरोप. निरोप्याला फिनाईल टाकून हाकलले, तरी निरोप तसाच राहतो.

टाकीतला वायू

आपल्या आवारातली मैल्याची टाकी हीसुद्धा साहेबाच्या देशातून आलेली गोष्ट. 1895 च्या सुमारास एक्झेटर शहराचे सर्व्हेयर डोनाल्ड कॅमेरॉन यांनी बंद टाकीत मैला कुजवण्याची पद्धत आणली आणि तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिले. लगेचच ती मुंबईत पोचली. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 च्या सुमारास मैल्याच्या टाकीतून निघणारा वायू जाळून वापरात आणला गेला. हा आश्रम मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅक्वर्थ यांच्या नावाने ओळखला जातो. तेच अ‍ॅक्वर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्रामांच्या बरोबर मराठी पोवाड्यांचा संग्रह छापला. पोवाडे आणि संडासाची टाकी एका माणसाच्या नावाशी जोडली जावीत, ही गंमत मला बँकेच्या वाचनालयात बसून कळली होती.

त्या वायूने दिवा जळतो, यातच टाकी किती धोक्याची हे आले. टाकीत मिथेन असतो, तो पेट घेतो. हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच. थोडा असला तर नाकाला लगेच कळतो. पण प्रमाण वाढले की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते. माणसाला वाटते, वास गेला, आता हरकत नाही. आणि तो खाली कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. वर्तमानपत्रात अशा बातम्या आपण वाचतो, त्यांत बहुतेक वेळा मृतांचा आकडा एकाहून जास्त असतो, त्याचे कारण हे.

पूर्वी खेड्यात जुन्या विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोरीने सोडायचे. विझला तर उतरायचे नाही. त्या काळी ती शहाणपणाची रीत होती, पण कंदील फक्त प्राणवायू कमी असल्याचे सांगतो, विषारी वायूचे सांगत नाही. आणि मैल्याच्या टाकीत पेटता कंदील सोडणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. ती रीत इथे कामाची नाही.

आपल्या इमारतीतला तपास

आता घरच्या इतिहासाकडे येतो. संस्थेला काही वर्षे झाली असतील, एका पावसाळ्यानंतर 'बी' विंगमधून तक्रारी येऊ लागल्या. पहाटे पहाटे वास यायचा, दुपारी नसायचा. कोणी म्हणाले उंदीर मेला. कोणी डांबरगोळ्या टाकल्या, कोणी उदबत्त्या लावल्या. एका घरी पाहुणे यायचे म्हणून आठ दिवस फिनाईलच्या बाटल्या रिकाम्या होत होत्या.

मी बँकेत उमेदवारी केली ती संगणकापूर्वीच्या काळात. रात्री ताळा जुळला नाही तर आम्ही सगळी लेजर पुन्हा पहिल्यापासून तपासत नसू. फरकाची रक्कम आधी पाहायची. तिच्या निम्म्याची नोंद कुठे उलट्या बाजूला गेली का? फरकाला नवाने भाग जातो का? जात असेल तर आकड्यांची अदलाबदल. फरक स्वतःच सांगतो की चूक कुठल्या जातीची आहे. समितीने हीच पद्धत वापरली. प्रत्येक घरी एक कागद दिला. तारीख, वेळ, कुठल्या न्हाणीत वास, त्या वेळी घरात किंवा वर कोणी पाणी सोडले होते का. पंधरा दिवसांनी कागद गोळा केले.

तीन गोष्टी वेगवेगळ्या निघाल्या. पहिली, तिसऱ्या मजल्यावरची एक सदनिका कित्येक महिने बंद होती. तिथल्या ट्रॅपमधले पाणी आटून गेले होते. आपल्या उन्हाळ्यात अंगणातली बादली किती दिवसांत आटते ते सर्वांना ठाऊक आहे. हे तर वाटीभर पाणी. कुलूप उघडून एक बादली ओतली, त्या घराचा प्रश्न मिटला. दुसरी, एका घरात कपडे धुण्याच्या मशीनचा नळ जाळी काढून थेट पाइपात खोचला होता आणि भोवती बोटभर फट होती. ती बुजवली. पण पहाटेचा वास काही जाईना.

तो सापडला पहिल्या मजल्यावरच्या एका वहिनींमुळे. त्यांनी कागदावर वेळेपुढे लिहिले होते, 'आधी गुडगुड, मग वास'. समितीतल्या आम्हा पुरुषांपैकी कोणाच्याही कागदावर गुडगुड नव्हती. वरच्या घरांत पहाटे एकापाठोपाठ एक फ्लश ओढले की त्यांच्या न्हाणीच्या जाळीखाली गुडगुड व्हायची. आम्ही पतंगाच्या कागदाची पट्टी जाळीवर धरली. वर फ्लश ओढला की पट्टी जाळीला चिकटायची, म्हणजे हवा आत ओढली जात होती. टॉर्च लावून पाहिले, ट्रॅपमधले पाणी तळाला गेले होते.

कारण असे. उभ्या नळातून भरधाव पाणी खाली जाते, तेव्हा ते मागे पोकळी सोडते. ती पोकळी भरायला हवा लागते. म्हणून तो नळ गच्चीच्याही वर उघडा नेलेला असतो, त्यावर जाळीची टोपी असते. बऱ्याच जणांना वाटते तो नळ फक्त दुर्गंधी वर सोडण्यासाठी. खरे तर तो श्वास घेण्यासाठीही आहे. वरून हवा मिळाली नाही, तर नळ ती सगळ्यांत कमजोर जागेतून ओढतो, आणि ती जागा म्हणजे एखाद्याच्या न्हाणीतले दोन इंच पाणी. पाणी ओढले गेले की वाट मोकळी. जुन्या इमारतींत संडासाचा नळ वेगळा आणि न्हाणीच्या पाण्याचा वेगळा असे. आपल्याकडे दोन्ही एकाच नळात, म्हणून हवेची वाट उघडी असणे जास्त गरजेचे.

गच्चीवर जाऊन पाहिले तर नळ दिसेना. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्याचे काम झाले होते, त्यात कारागिराने आड येणारा नळ कापून वर सिमेंट लिंपून टाकले होते. त्याला कोणी सांगितलेच नव्हते की हा नळ कशासाठी आहे. नळ पुन्हा उघडला, उंच केला, टोपी बसवली. गुडगुड त्याच दिवशी थांबली. खर्च किती आला ते इतिवृत्तात आहे; फिनाईलच्या बाटल्यांपेक्षा कमीच.

तो ठराव

या तपासात मधे एक दिवस असा आला, ज्यासाठी हा लेख लिहिला. नळाचे कारण सापडण्यापूर्वी बहुतेकांचे मत होते की टाकी तुंबली असणार. टाकीत माणूस उतरवून पाहावे असे ठरत आले होते. दोन मजूर आलेही होते, जवळ एक दोरी आणि एक बादली. वयाने माझ्या मुलाएवढे. मजुरी विचारली तेव्हा त्यांनी जी रक्कम सांगितली, ती ऐकून आवारात क्षणभर कोणी बोलले नाही. इतक्या कमी पैशांत माणूस त्या झाकणाखाली उतरायला तयार होता. आपल्याच एका ज्येष्ठ सभासदांनी झाकणावर खुर्ची टाकली आणि म्हणाले, मी उठेपर्यंत कोणी उतरणार नाही. मजुरांना चहा आणि दिवसाची मजुरी देऊन परत पाठवले. टाकी नंतर पंपाच्या गाडीने उपसली. ती तुंबलेली नव्हतीच. त्या दिवशी कोणी उतरले असते, तर नसलेल्या दोषासाठी उतरले असते.

पुढच्या सभेत ठराव झाला: 'संस्थेच्या टाकीत अगर चेंबरमध्ये कोणत्याही कारणासाठी माणूस उतरवला जाणार नाही.' एकमताने.

हा ठराव आकाशातून पडला नव्हता. आपल्या विदर्भात गाडगे महाराज दिवसा खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडत. त्यांच्याच नावाने राज्यात 2000 साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम स्वतः करायचे व्रत घेतले. रत्नागिरीच्या तुरुंगात ते काम करू देईनात, म्हणून त्यांनी उपोषण धरले, आणि त्यांना पाठिंबा म्हणून डिसेंबर 1932 मध्ये येरवड्यात गांधीजींनीही उपोषण केले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्याचे सोनखत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. त्यांचे म्हणणे नुसते 'स्वच्छ राहा' असे नव्हते. घाण ज्याची, जबाबदारी त्याची.

कायदा फार मागाहून आला. डोक्यावरून मैला वाहून नेण्याला बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा 1993 चा. 2013 च्या कायद्याने गटारात आणि मैल्याच्या टाकीत साधनांशिवाय माणूस उतरवण्यालाही बंदी केली. ही बंदी नगर परिषदेपुरती नाही. कोणीही माणूस किंवा संस्था, म्हणजे आपली सोसायटीसुद्धा. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृतांच्या कुटुंबाला 10 लाख रुपये देण्याचे सांगितले आणि 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. पण रकमेने माणूस परत येत नाही.

पुढच्या पंचवीस वर्षांसाठी

आता इमारत पंचवीस वर्षांची झाली. नळ जुने झालेत, सांधे हलतात. तक्रारी पुन्हा येतील, आणि नवे सभासद आम्हाला विचारायला येतील तेव्हा आम्ही असूच असे नाही. म्हणून चार गोष्टी इथे नोंदवून ठेवतो.

घर बंद करून गावाला जाताना प्रत्येक न्हाणीत, बेसिनमध्ये आणि बाल्कनीच्या जाळीत पाणी ओतून जा. वरून चमचाभर गोडे तेल सोडले तर पाणी लवकर आटत नाही. वास आला तर आधी पाणी ओता, मग जाळीखालची वाटी काढून धुऊन पुन्हा नीट बसवा. वाटीच काढून ठेवली की ट्रॅप असून नसल्यासारखा. त्यानेही गेला नाही तर गुडगुड ऐका, वेळ लिहा, आणि गच्चीवरचा नळ उघडा आहे का ते पाहा. आणि टाकी दोन-तीन वर्षांनी गाडीने उपसून घ्या, तुंबायची वाट पाहू नका.

शेवटी एक. उपसलेला मैला कुठे जातो, हेही विचारत जा. आपली वैनगंगा खालीच आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून वैनगंगेला मिळते, म्हणून आपण भंडारेकर कळवळून बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या टाकीचे झाकण उघडते तेव्हा आपणही कोणाच्या तरी वरच्या अंगाला असतो. पवनीकर आपल्या खालच्या अंगाला आहेत.

झाकणावर खुर्ची टाकून बसलेले ते सभासद आज आपल्यात नाहीत. त्यांचा ठराव इतिवृत्ताच्या वहीत आहे. वही नव्या समितीकडे सोपवताना त्या पानावर खूण घालून द्यावी, एवढी या रौप्यमहोत्सवी वर्षात विनंती.